शनिवारपर्यंतची पानं

अण्णांचं सगळं आयुष्य बॉयलरसमोर गेलं. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्याचा बॉयलर होता तो. चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे, सगळं त्याच्या वाफेवर धुतलं जायचं आणि वाळवलं जायचं. तिथली माणसं त्यांना पाठीमागे प्रेशरअण्णा म्हणायची आणि तोंडावर नुसतं अण्णा. माणूस बुटका, पण आवाज खणखणीत. तेहतीस वर्षं त्या घरघरीवर मात करत बोलायचं म्हणजे दुसरं काय होणार! घरी आले तरी आवाज काही खाली उतरायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, मी पलीकडच्या इमारतीत नाहीये, इथेच उभी आहे." तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

बॉयलरवाल्याला दोनच कामं. बॉयलरवर लक्ष ठेवायचं आणि वहीत लिहायचं. दर तासाला वाफेचा दाब किती, पाण्याची पातळी किती, धुराड्याचं तापमान किती. आठ तासांची पाळी, आठ ओळी. आता कुणाला वाटेल, दर तासाला उठून काटा बघायचा आणि लिहायचं, त्यात काय एवढं. पण तिथे तसं कोणीच करत नव्हतं. दोन-तीन ओळी खऱ्या लिहायच्या आणि उरलेल्या पाच एका दमात ठोकून द्यायच्या. याला ते "पुढचं भरणं" म्हणायचे. नवा माणूस सात, सात, सात असं लिहून ठेवायचा आणि तपासणीला आलेला साहेब लगेच त्याला धरायचा. अण्णांना कोणी कधी धरलं नाही. सात, मग पावणेसात, मग सात, मग सातच्या जरा वर. पाचव्या ओळीला पेन बदलायचे. एकदा तर साहेबांनी सगळ्यांसमोर वही उघडून दाखवली होती, "नोंदी कशा असाव्यात ते बघा!" अण्णांनी मान खाली घातली, तर सगळ्यांना वाटलं, किती विनयशील माणूस आहे.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. वाटलं निसटला, दुसरा घेतला, तोही गेला. मेंदूला थोडा रक्तपुरवठा कमी पडला होता, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. थोडक्यात निभावलं. मुलगी धावत आली आणि त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. तीन आठवडे ते तिच्याकडे राहिले. दोन खोल्या, जावई, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर अण्णा. त्यांना कोणी वाकडा शब्द बोललं असेल तर शपथ. पण अण्णा झोपले की सगळं घर चवड्यांवर चालायचं. जावई स्वतःच्या घरात टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे. पंखा लावायचा तर अण्णा आधी विचारायचे. "बाबा, विचारता काय?" मुलगी म्हणायची, आणि तरी ते विचारायचे. चौथ्या आठवड्यात त्यांनी पिशवी भरली.

"मी माझ्या घरी राहणार."

"एकटे?"

"तिथे मला कुठलं बटण कुठे आहे ते माहीत आहे."

मुलगी रडली, चिडली, आणि शेवटी एका अटीवर तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, उजव्या हाताने रोज एक पान लिहायचं, हाताने, पेनने. दिवसभरात काय झालं ते लिहायचं. त्याने बोटं सुधारतील, डोकंही चालतं राहील, आणि अक्षर बघून तब्येतीचं कळेल. मुलगी म्हणाली, "ते पान रोज माझ्याकडे आलं पाहिजे. ज्या दिवशी आलं नाही, त्या दिवशी मी येणार आणि तुम्हाला कायमचं घेऊन जाणार. मग मात्र काही ऐकायची नाही."

अण्णांकडे बटणांचा साधा फोन. पण त्यांच्या इमारतीच्या तळाशी झेरॉक्सचं दुकान होतं. ते चालवणारी बाई तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. रविवार सोडून रोज सकाळी नऊला दुकान उघडलं की अण्णांनी पान घेऊन खाली यायचं, तिने आपल्या मोबाइलवर त्याचा फोटो काढून मुलीला पाठवायचा, असं ठरलं. तीन मजले उतरायचे आणि तीन चढायचे. त्या निमित्ताने बाबांचे पाय मोकळे होतील, हाही मुलीचा हिशेब होताच.

पहिलं पान लिहायला अण्णांना दीड तास लागला. अक्षरं ओळ सोडून पळायची. मजकूर असा: "सकाळी ६ उठलो. ६.१५ चहा. झोप ठीक. पोट ठीक. दुपारी जेवण. औषध घेतलं. सर्व ठीक." खाली सही, तारीख, वेळ. बॉयलरची वहीच म्हणा ना! पण पान गेलं, आणि मुलीकडून अंगठ्याचं चित्र आलं. झेरॉक्सवालीने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "हे बघा, मुलगी खूश."

तोवर मुलीचा रोज संध्याकाळी सातला फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, झोप लागली का. अण्णा साडेसहापासूनच फोनजवळ जाऊन बसायचे. पण आता या सगळ्याची उत्तरं सकाळी नऊलाच तिच्याकडे पोचायला लागली. मग सातला विचारायचं काय? फोन एक दिवसाआड झाला. तिचा काही दोष नाही. घरात आजारी माणूस, बाहेर नोकरी, तिला तरी किती पुरवायचं. अण्णा स्वतःची समजूत अशीच घालायचे, आणि तरी सातला फोन उचलून बघायचे, चालू आहे ना.

मग एकदा अंगठ्याबरोबर दोन ओळी आल्या. झेरॉक्सवालीने वाचून दाखवल्या: "बाबा, नुसतं चहा-जेवण काय लिहिता? दिवसभरात कुणाशी काय बोललात ते लिहा ना. मला काळजी वाटते."

झाली का पंचाईत! अण्णा वर येऊन वही उघडून बसले. आज कुणाशी बोललो? दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. शेजारच्या घराला सहा महिने कुलूप. दुसऱ्या मजल्यावर कुठल्याशा कंपनीचा माल ठेवलाय. बाकी झेरॉक्सवाली, तिच्याशी "द्या" आणि "झालं का" एवढंच. दिवसभरात एकूण चार-पाच शब्द भरत होते, आणि तेही पानाच्या कामाचेच. हे लिहिलं तर दुसऱ्या दिवशी मुलगी दारात उभी राहिली असती. मग सोफा, आणि सगळं घर चवड्यांवर.

तर अण्णांनी जे येत होतं तेच केलं. लिहिलं: "आज दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर भेटले. चित्रकलेचे शिक्षक होते. आता निवृत्त. बोलका माणूस. बुद्धिबळाला या म्हणाले."

मुलीने अंगठ्याऐवजी "वा वा!" पाठवलं. आणि त्या रविवारी फोनवर तिचा आवाज असा हलका झाला होता, की अण्णांना मास्तर जन्माला घातल्याचा अभिमानच वाटला.

पुढे मास्तर वाढतच गेले. ते डावात लबाडी करायचे, हत्ती हळूच एक घर सरकवायचे. त्यांना खोकला होता आणि ते औषध घ्यायचे नाहीत. एकदा अण्णांचं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, दोन दिवस अबोला, मग मास्तरच जिना चढून आले. हे लिहिताना अण्णा एकटेच मोठ्याने हसले, आणि हसणं थांबल्यावर खोली इतकी शांत झाली की त्यांनी उठून उगीचच नळ सोडला. सगळं एकसारखं दिसू नये म्हणून दर चार-पाच दिवसांनी ते गुडघेदुखी घालायचे. कधी झोप बरी, कधी मध्यम. मुलगी आता फक्त रविवारी फोन करायची. एवढं चांगलं चाललेलं असताना रोज कशाला?

तिसऱ्या महिन्यात हात बराच वळायला लागला, आणि गुडघा मात्र खरोखरच दुखायला लागला. एका रविवारी अण्णा बसले आणि एका बैठकीत सोमवार ते शनिवार सहा पानं लिहून मोकळे झाले. दोन पेनं वापरली. सोमवारी सकाळी गठ्ठा झेरॉक्सवालीच्या पुढ्यात ठेवला. "रोज एक पाठवा. तारखा घातल्यात."

बाईने पानं चाळली. "काका, आज सोमवार. गुरुवारी तुमचा गुडघा दुखणार हे तुम्हाला आजच कळलं होय?"

"अंदाज आहे."

"मला हे बरोबर वाटत नाही. ती पोरगी रोजचं रोज समजून वाचते."

"अहो, तेहतीस वर्षं मी असंच लिहिलं. एक दिवस काही बिघडलं नाही."

"तुमचं तुम्ही जाणा," बाई म्हणाली आणि गठ्ठा खणात टाकला. तिच्यापुढे दाखले घेऊन आठ माणसं उभी होती. त्या दिवसापासून अण्णांचं आठवड्यातून एकदाच खाली उतरणं व्हायला लागलं. बरोबर पाच आठवडे.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, स्वयंपाकघरात अण्णांचा उजवा पाय त्यांच्या खालून निघून गेला. ते ओट्याच्या कडेला लागून खाली आले. उठायला गेले तर उजवा हात नाही, म्हणजे होता, पण कुणा दुसऱ्याचा असावा तसा शेजारी पडला होता. ओरडायला गेले तर तोंडातून नुसता घोगरा आवाज. फोन आतल्या खोलीत. तो खणखणीत आवाज आयुष्यभर नको तिथे निघाला आणि हवा तेव्हा गेला. डाव्या हाताने त्यांना नळाखालची बादली ओढता आली, तेवढं पाणी. एक स्टीलची ताटली हाताला लागली, ती त्यांनी फरशीवर आपटली. खाली कंपनीचा माल. माल काय ऐकणार, कपाळ!

संध्याकाळी सात वाजले. मंगळवारी फोन यायचा नव्हताच.

बुधवारी सकाळी त्यांना दुकानाचं शटर वर जाताना ऐकू आलं. खडखड आवाज तीन मजले चढून स्वच्छ आला. म्हणजे नऊ वाजले. म्हणजे आता बाई खण उघडणार, बुधवारचं पान काढणार, फोटो काढणार. त्यात काय लिहिलंय ते अण्णांना तोंडपाठ होतं. "झोप छान. मास्तरांनी काल माझं चित्र काढलं. नाक फार मोठं काढलं. मी रागावलो. मग चहा केला, दोघांनी घेतला." फरशीवर पडल्या पडल्या त्यांना ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं, सहीसकट. मुलगी कामाला निघताना वाचेल, हसेल, अंगठा पाठवेल. पोरी, मी इथे पडलोय, असं ते म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाही नीट ऐकू आलं नाही.

त्यांनी मोजलं. पानं शनिवारपर्यंतची होती. रविवारी दुकान बंद. रविवारी मुलीचा फोन येईल, तो कोणी उचलणार नाही, तिला वाटेल बाबा मास्तरांकडे गेले. सोमवारी पान जाणार नाही तेव्हा कुठे शंका येईल. सोमवारपर्यंत आपण टिकत नाही, हे त्यांना सरळ कळलं. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा संताप जास्त. स्वतःचा. बॉयलरच्या वहीत त्यांनी हजारो ओळी खोट्या लिहिल्या असतील, पण ते स्वतः तिथे बॉयलरपुढे बसलेले असायचे. जरा आवाज बदलला की उठायचे. ओळ खोटी होती, पण माणूस हजर होता. इथे कोण होतं? मुलीला त्यांनी स्वतःच्या हाताने घरी बसवून ठेवलं होतं, रोज एक पान पाठवून. ते रडले, आणि डाव्या बाजूनेच रडू येतंय हे लक्षात आल्यावर आणखी रडले.

गुरुवारी पुन्हा शटर वर गेलं. गुरुवारचं पानही गेलं असणार. अण्णांनी ताटली एकदा आपटली आणि सोडून दिली.

खाली काय झालं ते असं. झेरॉक्सवालीने फोटो पाठवला आणि मोबाइल ठेवणार, एवढ्यात मुलीचा उलट निरोप आला: "ताई, बाबांना सांगाल का, मास्तरांनी काढलेलं त्यांचं चित्रही पाठवा. माझ्या सासूबाईंना बघायचंय. रोज मास्तरांच्या गोष्टी ऐकतात त्या."

कोण मास्तर? बाई त्या इमारतीत चौदा वर्षं दुकान लावून बसली होती. प्रत्येकाचा दाखला, प्रत्येकाचं ओळखपत्र तिच्या काचेखालून गेलेलं. त्या सोमवारी चाळताना दिसलेली एखादी ओळ सोडली, तर तिने आतापर्यंत एकही पान वाचलं नव्हतं. दुसऱ्याचं वाचायचं नाही हा तिचा धंद्याचा नियम. आज तिने उरलेली दोन पानं काढून वाचली, आणि तिचं डोकंच फिरलं. म्हातारा आपल्याला हाताशी धरून पोरीला थापा मारतोय! तिने दुकानातल्या गिऱ्हाइकांना "थांबा जरा" म्हटलं आणि धापा टाकत तीन मजले चढली. दार वाजवलं. "काका! उघडा! हे मास्तर कोण आहेत? तुमच्या पोरीला काय उत्तर देऊ मी? मला नका असल्या लफड्यात ओढू!"

आतून ताटली वाजली. मग पुन्हा. मग वाजतच राहिली.

समोरच्या गॅरेजवाल्याने येऊन कडी तोडली.

मुलगी संध्याकाळपर्यंत इस्पितळात पोचली. दोन दिवस अण्णांना धड बोलता येत नव्हतं, म्हणून ती नुसती हात धरून बसली. झेरॉक्सवाली एकदा येऊन गेली आणि मुलगी औषध आणायला बाहेर गेली तेव्हा अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाली, "मी काही बोलले नाहीये हं. ते तुमचं तुम्ही सांगा."

सहाव्या दिवशी दुपारी अण्णांची जीभ जरा वळायला लागली होती. मुलगी खिडकीशी केस विंचरत होती. म्हणाली, "बाबा, मास्तरांना कुणी कळवलं का? मी जाऊन येते. एवढा जवळचा माणूस, त्यांना काय वाटेल."

"मास्तर नाहीत."

"नाहीत म्हणजे? गावाला गेलेत?"

"नव्हतेच कधी."

कंगवा तिच्या केसांतच राहिला. ती येऊन पलंगाच्या कडेवर बसली. "पण त्या भांडणाचं, त्या हत्तीचं... मग तुम्ही दिवसभर बोलत कुणाशी होतात?"

"तुझा फोन यायचा ना," अण्णा अडखळत म्हणाले. "तेव्हा तुझ्याशी."

"अहो, मला वाटलं तुमच्याजवळ कोणीतरी आहे! म्हणून तर मी करत नव्हते. मध्ये एकदा केला होता मधल्या वारी, तर तुम्हीच म्हणालात, मास्तर बसलेत, नंतर बोलू. मला इतकं वाईट वाटलं, आणि इतकं बरंही वाटलं. म्हटलं, चला, बाबांना आता माझी वाट बघायला लागत नाही."

अण्णांना तो फोन आठवला. ठेवल्यावर ते फोनपाशीच बसून राहिले होते, ती पुन्हा करेल म्हणून. "तू रोज फोन केला असतास तर मी तो माणूस लिहिलाच नसता," ते म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं. मुलगी ओंजळीत तोंड घालून रडत होती, आणि तिच्या डोक्यावर ठेवायचा तर उजवा हात उचलत नव्हता.

तेवढ्यात नर्स फॉर्म घेऊन आली. उद्या घरी सोडायचं, त्याची माहिती भरायची होती. नाव, वय, पत्ता झालं. मग तिने विचारलं, "घरी यांच्या सोबत कोण असतं?"

मुलीने डोळे पुसले. तिने एकदा वडिलांकडे बघितलं. दोन खोल्या, सासूबाई, सोफा, आणि पंखा लावू का म्हणून विचारणारे बाबा, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून गेलं. अण्णांना तो चेहरा लहानपणापासून वाचता येत होता. "शेजारी एक असतात," ती नर्सला म्हणाली. "निवृत्त शिक्षक आहेत. दिवसभर येऊन जाऊन..."

"नाही," अण्णा म्हणाले. "कोणी नसतं."

"बाबा..."

"कोणी नसतं. तसंच लिहा."

नर्सने लिहिलं. "मग यांना एकट्याला घरी नाही सोडता यायचं," ती म्हणाली.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले, आणि नर्सने सहीसाठी पुढे केलेला फॉर्म त्यांनी डाव्या हाताने जवळ ओढला.